आवडता प्रसंग

कुमुदने पेजेचा चमचा नवऱ्याच्या वाकड्या ओठांशी धरला आणि दुसऱ्या हाताने टीव्ही लावला. त्याची लाडकी विनोदी मालिका, त्यातही वेंधळ्या बायकोच्या हातून खीर करपते तो भाग.

वीस वर्षं हा प्रसंग आला की तो मांडीवर थाप मारायचा. मालिकेतल्या नवऱ्याने तोंड उघडायच्या आत स्वतःच ओरडायचा, "देव अक्कल वाटत होता तेव्हा ही कुठे उलथली होती?" आणि बोट कुमुदकडे. चहाला आलेली माणसं पोट धरून हसायची. एकदा तिचे वडीलही हसले होते, जावयाचा मान राखायला.

अर्धांगवायूने वाचा गेली तेव्हा डॉक्टर म्हणाले होते, "आवडीचं दाखवत जा. त्यांना कळतं सगळं."

पडद्यावर खीर करपली. त्याचे डोळे चमकले, जीभ वळवळली. मालिकेतल्या नवऱ्याने तोंड उघडलं आणि कुमुदने आवाज बंद केला.

"अहो, बोला ना. तुमचंच तर वाक्य आहे."

घशातून नुसती घरघर आली. पेज हनुवटीवर ओघळली, डोळे भरून आले.

कुमुद पोट धरून हसली. मग पदराने त्याचं तोंड नीट पुसत म्हणाली, "थांबा हं, परत मागे घेते."