कापड सैल

१९८३ साली मी मुलुंडला वनमाला सामंतांकडे फर्निचरची किंमत ठरवायला गेलो होतो. त्यांचे यजमान महिन्यापूर्वी वारले होते आणि मृत्युकराच्या कागदांना माझी यादी जोडायची होती. घरात त्या एकट्याच होत्या.

या कामात किंमत आजची धरायची नसते, माणूस गेला त्या दिवसाची धरायची असते. म्हणून मी विचारलं, "त्या दिवशी सगळं असंच होतं ना?"

"असंच. काही हलवलं नाही," स्वयंपाकघरातून त्या म्हणाल्या.

कपाट अस्सल सागवानी होतं. पलंगाला वाळवी नव्हती. खिडकीपाशी एक आरामखुर्ची होती, पण तिचं कापड मधोमध इतकं खाली आलं होतं की जमिनीला टेकायचंच बाकी होतं. अशा खुर्चीला कोण किंमत देणार? मी सोफ्यावर बसून यादीत लिहिलं, कापड सैल.

"वहिनी, आरामखुर्चीचं कापड पार लोंबलंय हो."

"काहीतरीच! मागच्या दिवाळीत नवीन घातलंय." त्या चहा घेऊन दाराशी आल्या, खुर्चीकडे बघितलं आणि रोजच्या आवाजात म्हणाल्या, "अहो, उठा ना जरा. त्यांना खुर्ची बघायची आहे."

कापड सावकाश वर आलं आणि सरळ झालं. खरंच नवं होतं.

डोळ्यांना दिसतं तेवढंच लिहायचं, हा माझा तीस वर्षांचा शिरस्ता. मी 'कापड सैल' खोडलं आणि 'उत्तम स्थितीत' लिहिलं.

तेवढ्यात सोफ्याची माझ्या शेजारची गादी हळूच खाली दबली.