बुधवारचा आयतवार

१८८४ साल. आयतवारी सकाळी ठाण्याच्या चर्चमध्ये कतरीन पापाची कबुली द्यायला बसली.

"पाद्रीबाबा, मी नवऱ्याशी खोटं बोलले. अंगात ताप, तरी पास्कू मिठागरावर निघाला होता. मी म्हटलं, आज आयतवार आहे, कामाला हात लावू नको. तो बुधवार होता. तापात त्याला वाराचं भान नव्हतं."

"मग?"

"दिवसभर झोपला. संध्याकाळी घाम आला, पेज मागितली. आता हिंडतोय."

"आणि तू कधी झोपलीस?"

कतरीनला पेंग आली होती. तिचं डोकं मधल्या जाळीला टेकलं होतं.

"खोटं ते खोटंच, पोरी. प्रायश्चित्त घ्यावं लागेल," पाद्री हळूच म्हणाले. "मिस्सेची प्रार्थना झाली की घरी जाऊन आडवी हो. आजची पेज पास्कूला करू दे."