टाळ्या

"हं, मोठ्यानं बोला, मी आळशी आहे!" वजन कमी करण्याच्या वर्गातल्या बाईंनी काट्यावर उभ्या असलेल्या मंदाकिनीकाकूंना फर्मावलं. आठवडाभरात काकूंचं वजन अर्धा किलो वाढलं होतं.

"मी आळशी आहे," पदर चाचपत काकू पुटपुटल्या. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. वैजयंतानंही.

गेल्या सोमवारी ती स्वतः त्याच काट्यावर उभी होती आणि घरी जाऊन आरशातल्या आपल्या पोटाची तिला किळस आली होती. आज किळस आली ती स्वतःच्या हातांची. कठडा धरधरून जिना चढत इथवर आलेली साठीची बाई, आणि आपण तिच्या अपमानाला टाळ्या पिटतोय!

उठून तिनं काकूंना हात देऊन काट्यावरून उतरवलं. "चला काकू, आपण मैदानावर चालू."

"मला भरभर नाही गं जमत."

"मला तरी कुठे जमतंय?"

"अशानं वजन उतरायचं नाही हं!" बाई मागून ओरडल्या.

मैदानाच्या एका फेरीला पंचवीस मिनिटं लागली, दोनदा बाकावर बसावं लागलं. मग धापा टाकत काकूच म्हणाल्या, "उद्या दोन फेऱ्या."