पाठवणारीचा पत्ता

वडिलांचे हात थरथरू लागल्यापासून त्यांचे मेल तीच लिहायची. लॅपटॉपवर मेलचे तीन पत्ते होते: नोकरीचा, स्वतःचा आणि वडिलांचा. आईच्या आजारपणात धाकटा भाऊ आला नाही म्हणून त्याच्याशी तिचा चार वर्षं अबोला होता, पण वडिलांच्या पत्त्यावरून ती त्याला दर आठवड्याला लिहायची. आज वडिलांनी सांगितलं, “लिही, तुझी फार आठवण येते, एकदा येऊन जा.” तिने मेल पाठवला आणि मग तिचं लक्ष गेलं. पाठवणाऱ्याच्या जागी तिचाच पत्ता राहिला होता. “बाबा, माझ्या नावाने गेला हो!” “मग कळव त्याला, चूक झाली म्हणून.” ती खुलासा लिहू लागली, तेवढ्यात उत्तर आलं: “ताई, खरंच? शनिवारी येऊ?” अर्धवट खुलासा तिने पुसून टाकला. पत्ता मात्र बदलला नाही. “ये,” तिने लिहिलं, “मी घरीच आहे.”