पुणे ते गुवाहाटी

"तिकीट पाठवतो, येता का?" गुवाहाटीचा डॉक्टर फोनवर हिंदीत विचारत होता आणि मिरजेचा एसटी ड्रायव्हर रघुनाथ माळी ऐकता ऐकताच अंगात शर्ट चढवत होता. त्याचा रक्तगट फार क्वचित सापडणारा, म्हणून दुर्मिळ रक्तदात्यांच्या यादीत त्याचं नाव होतं. तिकडच्या एका बाळंतिणीचाही नेमका तोच निघाला होता. बाळ सुखरूप होतं, पण आईच्या अंगातलं रक्त फार गेलं होतं.

"किती लांब हो ते?" बायकोनं विचारलं.

"सत्तावीसशे किलोमीटर! माझ्या गाडीला तीन दिवस लागले असते. पुण्याहून विमान तीन तासांत पोचवतं म्हणे."

विमानानं जमीन सोडली. मग खाली ढग पसरले आणि तो खिडकीला नाक लावून बसला. उजवा पाय मात्र सारखा ॲक्सिलरेटर दाबत होता.

"पहिल्यांदाच बसताय?" शेजारच्या बाईंनी हसून विचारलं.

"पहिल्यांदाच. आणि जरा घाईत आहे."

उतरल्याबरोबर दवाखान्याची गाडी त्याला घेऊन सुटली. रक्त देऊन झालं, तरी तो बाहेरच्या बाकावरून हलेना. संध्याकाळी डॉक्टर धावतच आला. "वाचली!" बाळंतिणीच्या आईनं रघुनाथच्या गळ्यात लाल काठाचा गमछा घातला. ती आसामीत काय बोलली ते त्याला कळलं नाही, पण त्याचेही डोळे भरून आले.

त्यानं बायकोला फोन लावला. "अगं, यंदा भाऊबीजेला दोघंही विमानानं इकडे यायचं. मला बहीण झालीय!"