एक काडी, तीन नाकं

तिसऱ्या दुकानात तपासनीसांना कोविडचं किट मिळालं, पण एकच. पहिल्या दुकानातली सकाळीच संपली होती. दुसऱ्यात पाच किटांचा खोका होता. सुटं देत नव्हते, आणि खोक्याची किंमत तिघांच्या जाऊन-येऊन बसभाड्यापेक्षा जास्त होती. मागच्या महिन्यात या खोक्याकडे कुणी ढुंकूनही बघत नव्हतं, असं दुकानदार स्वतःच म्हणाला. नवा माल सोमवारी येणार होता. बस आज चारची होती.

घरी तपासनीसांची बायको आणि मोठी बहीण, म्हणजे ताई, बॅगा भरून बसल्या होत्या. लेकीला मुलगी होऊन बारा दिवस झाले होते, आणि लेकीची अट साधी होती. दारातून आत येणाऱ्या प्रत्येकाने आधी टेस्ट करायची. आजी असो, आजोबा असो, नाहीतर आत्या.

"एकात भागेल," तपासनीस म्हणाले.

चौतीस वर्षं त्यांनी पाणीपुरवठा खात्याच्या प्रयोगशाळेत काढली होती. तिथे रसायन कमी पडलं की पाच टाक्यांचं पाणी एका बाटलीत घेऊन एकदाच तपासत. बाटली स्वच्छ निघाली तर पाचही टाक्या स्वच्छ. वाईट निघाली तरच एकेक टाकी वेगळी बघायची. हे गणित त्यांनी दोघींना वर्तमानपत्राच्या कडेवर मांडून दाखवलं.

कान साफ करायच्या काड्या घरात आहेत, त्या घेऊ या का, असं बायकोने विचारलं. किटमधली सोडून दुसरी काडी चालत नाही, हे त्यांनी माहितीपत्रकावर बोट ठेवून दाखवलं. मग निदान मधे मधे पुसून तरी घे, असं ताई म्हणाल्या. पुसली तर तपासायचं काय, असं त्यांनी विचारलं.

खरा वाद झाला तो क्रमावरून. प्रयोगशाळेचा नियम असा, की स्वच्छ नमुन्यापासून सुरुवात करायची आणि संशयित शेवटी घ्यायचा. हे त्यांनी सांगायला नको होतं.

"म्हणजे मला शेवटी ठेवणार," ताई म्हणाल्या. "सरळ सांग ना, छोट्या."

छोट्या त्रेसष्ट वर्षांचे होते. गेल्या आठवड्यात सिनेमाला कोण गेलं होतं, याची बायकोने आठवण करून दिली. बाजारात मास्क हनुवटीवर बांधून कोण फिरतं, हे ताईंनी काढलं. शेवटी तपासनीसांनीच तोडगा काढला. वयाने मोठ्या म्हणून ताई पहिल्या, मग बायको, आणि तपासणारा सगळ्यांत शेवटी. दोघी एकदम गार झाल्या. मनाचा मोठा आहे, असं ताई चक्क बोलून गेल्या.

काडी ठरल्या क्रमाने तीन नाकांत फिरली, प्रत्येक नाकपुडीत मोजून पाच वेळा. मग कुपीत बुडाली. चार थेंब पट्टीवर पडले आणि तिघं टेबलाभोवती बसून राहिले. पहिली रेघ आली. ती यायचीच असते. मग दुसरी आली. आधी ती इतकी फिकट होती की ताईंनी तिला सावली ठरवलं. हळूहळू ती गडद झाली.

दोन रेघा म्हणजे कोविड. कुणाचा, ते पट्टी सांगत नव्हती.

"हात दाखवून अवलक्षण म्हणतात," ताई म्हणाल्या. "आपण नाक दाखवून केलं."

लेकीला फोन लावावाच लागला. ती दवाखान्यात परिचारिका होती. तिने सगळं शांतपणे ऐकून घेतलं, टाक्यांचं गणितसुद्धा.

"बाबा," ती म्हणाली, "टाकीची टाकीला लागण होत नाही."

ज्याला कोविड असेल, त्याच्यानंतर काडी ज्या ज्या नाकात गेली त्या सगळ्यांचं अवघड आहे, असं लेकीने समजावलं. पहिल्याला असेल तर तिघंही गेले कामातून. शेवटच्याला असेल तर निदान काडीने तरी कुणाचं वाईट केलेलं नाही.

ताईंचा पहिल्या नंबरचा तोरा उतरला. बायको मात्र नवऱ्याकडे बघत होती.

"अहो," ती म्हणाली, "तुम्ही आपणहून शेवटी का गेलात?"

तपासनीसांनी चष्मा काढून पुसला. चौतीस वर्षांत त्यांनी एकही आकडा फिरवला नव्हता. परवापासून घसा खवखवतोय, म्हणाले, आणि सकाळपासून चहाला वास नाही. किटने नाही म्हटलं असतं तर मीही नाहीच धरलं असतं. एकदा मांडीवर घ्यायचं होतं नातीला.

निवाडा लेकीनेच दिला. बाबा आतल्या खोलीत, दार बंद. आई आणि आत्याने पाच दिवस थांबायचं आणि पुन्हा तपासायचं. किटं ती तिकडून कुरिअरने पाठवणार होती. प्रत्येकाला वेगळं, हे तिने दोनदा सांगितलं.

चारची बस त्यांच्याशिवाय गेली. त्या वेळी तिघं तीन ठिकाणी तीन फोन धरून बसले होते, आणि लेकीने तिकडे फोन पाळण्यावर धरला होता. मुलगी झोपेत तोंड वाकडं करत होती. कपाळ आमच्याकडचं, असं बायको स्वयंपाकघरातून म्हणाली. जिवणी बघ, ती आमचीच, असं ताईंनी बाल्कनीतून सुनावलं. दोघींची जुंपली.

"बाबा, तुम्ही सांगा," लेक म्हणाली. "कुणासारखी दिसते?"

बंद खोलीत तपासनीसांनी फोन डोळ्यांशी नेला, लांब धरला, परत जवळ आणला. बराच वेळ बघत राहिले.

"इतक्या लांबून नाही सांगता येत," ते म्हणाले. "हातात घेऊन बघावं लागेल."