चांगुणाबाईंचा बावन्न इंची टीव्ही

"घरात म्हशीएवढा टीव्ही आणून ठेवला, आन् ही बया त्याच्याकडं पाठ करून लसूण सोलून राह्यली. रोजचंच झालं!"

चांगुणाबाई सोफ्यावरून बोलल्या. बोलल्या मुलाशी, धर्मराजशी. पण बोलणं होतं सुनेसाठी. सून सत्यशीला तिथंच स्वैपाकघराच्या दाराशी जमिनीवर बसली होती.

"आत्याबाई, मला काळंच दिसतं त्याच्यात," सत्यशीला म्हणाली. "चहा द्यायला उभी राह्यले तरी काळं."

"सगळ्या परतूरला रंग दिसतात, आन् हिलाच काळं!"

टीव्ही इनामात मिळाला होता. कपाशीचं बियाणं तालुक्यात सगळ्यात जास्त विकलं म्हणून कंपनीनं तो धर्मराजच्या दुकानाला दिला. दारातून आत येईना, तेव्हा चौकट काढावी लागली. आतून उजेड फेकून पडद्यावर चित्र पाडणारं ते यंत्र. कंपनीचा माणूस म्हणाला, खोलीत अंधार ठेवा. बाईंनी खिडक्यांना चादरी ठोकल्या. मग गल्लीतल्या बायांना बोलावलं. सतरंजी अंथरली, चहा पाजला. सगळ्या म्हणाल्या, लई झ्याक. पुष्पाबाई तर म्हणाली, जणू माणसं घरात येऊन बसली. आणि जाता जाता तिनं सत्यशीलेला विचारलं, "तुला कसा वाटला गं?"

"मला तर काही दिसलंच न्हाई, काकू."

चार बायांत चांगुणाबाईंचं नाक कापलं गेलं. दुसऱ्या दिवशी त्यांनी सुनेला जालन्याला डोळ्याच्या डॉक्टरकडं धाडलं. डॉक्टर म्हणाला, नजर एकदम चांगली, चष्मा लागत नाही. बाईंना तेवढंच हवं होतं. डोळे धड आहेत, म्हणजे तोंड खोटं आहे.

निकाल लागला. पुष्पाबाईच्या दारात जायचं, आपण खोटं बोललो म्हणून सांगायचं. नाहीतर भावाच्या लग्नाला बदनापूरला जायचं नाही.

लग्न तीन दिवसांवर आलं होतं. भाऊ एकुलता, बहीण एकुलती. करवली म्हणून तिनंच मिरवायचं होतं. आठ दिवसांपासून पिवळी साडी घडी करून ठेवली होती. सत्यशीला रडली. पण पुष्पाबाईकडं काही गेली नाही.

"जे दिसलं न्हाई, ते दिसलं कसं म्हनू?" एवढंच म्हणाली, आणि लसणाची परात पुढं ओढली.

त्याच दुपारी खेड्यावरून बद्रीनाथ आले, चांगुणाबाईंचे थोरले दीर. टीव्हीचं नाव ऐकून खास बघायला आले होते. ते सोफ्यावर टेकले तशा चांगुणाबाई उठल्या. गल्लीभर जीभ चालवणारी बाई. पण चाळीस वर्षांत थोरल्या दिरासमोर कधी उंचावर बसली नाही, की त्यांच्याशी तोंडानं बोलली नाही. पदर डोक्यावर ओढला आणि दाराशी, सुनेच्या शेजारी, जमिनीवर बसल्या.

धर्मराजनं टीव्ही लावला.

"लाईट कमी झाली का रे?" बाईंनी हळूच विचारलं.

"न्हाई की, आई. बराबर हाय."

"वा रे वा!" सोफ्यावरून बद्रीनाथ म्हणाले. शेतीचा कार्यक्रम चालला होता. "काय बोंड फुटलंय! हात लावावा वाटतो."

चांगुणाबाईंना बोंड दिसेना. शेत दिसेना. तव्याच्या बुडाकडं बघावं तसं काळं, आणि त्या काळ्यातून कुणीतरी खताबद्दल बोलत होतं. त्या गुडघ्यांवर उठल्या. पांढरं काहीतरी उजळलं. खाली बसल्या. विझलं. परत उठल्या. परत बसल्या.

"धर्माची माय, गुडघे धरले का काय?" बद्रीनाथांनी विचारलं.

बाईंनी सुनेकडं पाहिलं. सत्यशीला परातीत बघत होती. हसली असती तर बरं झालं असतं. निदान तिला रागवता तरी आलं असतं. ती हसलीसुद्धा नाही.

मग बाईंना ती सतरंजी आठवली. पहिल्या दिवशी सगळ्या बाया जमिनीवरच तर बसल्या होत्या. चहा प्याल्या आणि लई झ्याक म्हणून निघून गेल्या. अख्ख्या गल्लीत खरं बोललेली एकच निघाली, आणि तिला आपण डॉक्टरकडं धाडलं.

चांगुणाबाई भिंतीला हात टेकून उठल्या. सोफ्यापाशी जाऊन उभ्या राहिल्या.

"धर्मराज, तुझ्या मोठ्या बाबांना म्हन, जरा सरकून बसा."

धर्मराजनं सांगायची वेळच आली नाही. बद्रीनाथ आपोआप पार कडेला सरकले होते. बाई मधोमध बसल्या. पदर तसाच डोक्यावर. शेजारच्या जागेवर त्यांनी हात आपटला.

"सत्यशीला, ये. हितं बस."

सत्यशीला चुलत सासऱ्यांकडं, नवऱ्याकडं बघत उठली आणि सोफ्याच्या काठावर जेमतेम टेकली. मान वर केली. पडद्यावर पांढरंशुभ्र बोंड फुटलं होतं, परातीएवढं. तिचा लसणाचा हात तोंडावर गेला.

"अगं बाई!"

"अर्धं बूड टेकवू नको, बराबर बस," चांगुणाबाई म्हणाल्या. "डोळे भरून बघ, आन् सकाळच्या गाडीनं बदनापूरला जा. पुष्पाबाईला काय सांगायचं ते मी सांगते. पन माहेरी जाऊन माझ्या टीव्हीला नाव ठेवशील तर याद राख. खोट टीव्हीत न्हाई, खोट बसायच्या जागेत हाय."